स्वतःचाच आजोबा झालेला माणूस: महाजनांच्या वंशावळीचं एक प्रकरण

देवस्थानाच्या मतदारयादीतून तेवीस माणसं गळाली होती आणि संगणकाने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कळलं ते एका महाजनाच्या फोनवरून. शेजारच्या चुलत्यांकडे निवडणुकीची नोटीस पोचली, आमच्याकडे का नाही? कारकुनाने यादी पुन्हा छापली. तीच आली. मग मला बोलावणं आलं.

मी फोंड्याला राहून छोट्या संस्थांची सॉफ्टवेअरची कामं करतो. हे देवस्थान त्यांतलंच एक, अंत्रुजातलं. फोंडा तालुक्याला जुनी माणसं अजून अंत्रूजच म्हणतात. देवस्थानाचं नाव देत नाही, आणि माणसांची नावं व नोंदींचे क्रमांक बदलले आहेत. चूक माझी होती, ती मात्र जशीच्या तशी सांगतो.

रजिस्टर कशाचं

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं आधीचं. इथल्या देवळांचा कारभार महाजन पाहतात. वर्गणी भरून महाजन होता येत नाही, महाजनकी जन्माने येते. पोर्तुगीज अमदानीतली १९३३ ची नियमावली अजून या कारभाराचा पाया आहे, दर तीन वर्षांनी समितीची निवडणूक होते आणि देवस्थानांचा प्रशासक म्हणून मामलेदाराचं लक्ष असतं. त्यामुळे ‘कोण कोणाचा मुलगा’ हा प्रश्न इथे घरगुती राहत नाही. त्यावर मत ठरतं, पालखीची पाळी ठरते, सुतकाचे दिवसही ठरतात.

सोळाव्या शतकात सासष्टी, तिसवाडी, बारदेशातली देवळं पडू लागली तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे आणले. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. देव अंत्रुजात स्थिरावले, कुळं मात्र पांगली, काही थेट कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत. या पांगलेल्या कुळांची वंशावळ जुळवायची तर मोडीतल्या वह्या, पोर्तुगीज दाखले आणि देवनागरी रजिस्टरं एकाच टेबलावर मांडावी लागतात. एकच माणूस मराठी वहीत शेणवी असतो आणि पोर्तुगीज कागदावर सिनाय. ही आडनावाची गोष्ट पुढे महागात पडली.

आकडा म्हणाल तर पाच वांगड, म्हणजे पाच मूळपुरुष, सुमारे चार हजार नोंदी आणि सर्वांत लांब फांदीवर अकरा पिढ्या. डेटाबेसच्या मानाने हे किडूकमिडूकच. अवघड होता तो फक्त आकार.

डावे-उजवे आकडे

पहिली आवृत्ती मी २०१६ साली मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीवर केली. प्रत्येक व्यक्तीच्या ओळीत ‘वडील क्रमांक’ असा एक कॉलम. ही मांडणी शाळकरी पोरालाही सुचेल. अडचण विचारताना येते. वडील एका जोडणीत, म्हणजे एक ओळ दुसरीशी जुळवून, मिळतात, आजोबांसाठी आणखी एक जोडणी, पणजोबांसाठी तिसरी. ‘मूळपुरुषापर्यंत जा’ असं म्हणायची सोय त्या आवृत्तीत नव्हतीच.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या मोठ्या डेटाबेसांतले काही झाडाच्याच आकाराचे होते. आयबीएमचा आयएमएस अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची जंत्री ठेवण्यासाठी जन्मला. १९७० मध्ये संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने माहिती तक्त्यांत ठेवायची कल्पना मांडली, झाडावरून हाताने चढउतर करण्याचा जाच संपला आणि झाडही हातचं गेलं. ते परत आलं डेटाबेसशी बोलायच्या एसक्यूएल भाषेच्या १९९९ च्या मानकात, रिकर्सिव्ह क्वेरीच्या, म्हणजे स्वतःच्याच उत्तरावर पुन्हा पुन्हा चालणाऱ्या प्रश्नाच्या, रूपाने. मायएसक्यूएलमध्ये यायला मात्र २०१८ उजाडलं, ८.० आवृत्ती.

तोवर मी नेस्टेड सेट वापरला. मूळपुरुषापासून निघायचं, झाडाच्या कडेकडेने प्रदक्षिणा घालायची; माणसाकडे पोचताना त्याला डावा आकडा द्यायचा आणि त्याचा सगळा वंश फिरून परत निघताना उजवा. मग ज्याचा डावा आकडा तुमच्या डाव्या-उजव्यामध्ये पडतो तो तुमचा वंशज. दोन्हींतल्या फरकातून एक वजा करून निम्मं केलं की वंशजांची संख्या. वाचायला इतकं देखणं काही नाही.

लिहायला तितकंच वाईट. एक पोर जन्मलं की त्याच्या पुढच्या सगळ्यांचे आकडे दोनाने सरकवायचे. नोंदी बारा महिने सारख्या येत असत्या तर कदाचित निभावलं असतं. पण चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळा गोतावळा गावात जमतो आणि नवी नावं घालायला कार्यालयात रांग लागते. दोन खिडक्यांवर दोघं एकाच वेळी नोंद करत होते, एकाची नोंद संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं कुलूप मी डेटाबेसमध्ये लावलं नव्हतं, आणि दोन बाळांना एकच डावा आकडा मिळाला. त्यानंतर एका वांगडाचे निम्मे वंशज दुसऱ्या वांगडात दिसू लागले. मी रात्र जागून आकडे पुन्हा पाडले आणि ८.० आल्यावर नेस्टेड सेट काढून टाकला. परत फक्त ‘वडील क्रमांक’, आणि वर रिकर्सिव्ह क्वेरी.

ती चालते अशी. पहिला भाग बीज पेरतो: ज्याची वंशावळ हवी त्याची एक ओळ. दुसरा भाग एक पायरी सांगतो: आत्ता हाती आलेल्या ओळींचे वडील आण. ही पायरी पुन्हा पुन्हा चालते, आणि एकही नवी ओळ मिळाली नाही की थांबते. खाली उतरायचं असेल तर बीज मूळपुरुषाचं आणि पायरी मुलांची. मतदारयादी अशीच निघायची: पाच मूळपुरुषांपासून खाली उतरा, हयात सज्ञान महाजन वेचा.

१०४०, ११८७, १०४०, ११८७

निवडणुकीच्या आधी कारकुनाने तक्रार केली होती की शेणवी आणि सिनाय अशा दुहेरी नोंदी फार झाल्यात. मी एक स्क्रिप्ट लिहिली. नाव, वडिलांचं नाव आणि वांगड जुळलं की नोंदी एकत्र करायच्या. आडनाव बघायचं नाही, कारण घोळ आडनावातच होता. जन्मसाल जुन्या नोंदींना बहुधा नसतंच. राहील तो लहान क्रमांक, आणि बाकी माहिती घ्यायची ती ज्या नोंदीत शेवटचा बदल झाला तिच्यातली. शंभरावर जोड्या मिटल्या. मी खूश, कारकूनही खूश.

नोटिसा निघाल्यावर ज्यांना ती आली नव्हती त्या घरातले आबा स्वतः कार्यालयात येऊन बसले. वय ऐंशीच्या पुढे, वंशावळ तोंडपाठ. माझ्या मदतनिसाने त्यांची वंशावळ काढायला बटण दाबलं तर एरर: १००१ फेऱ्यांनंतर क्वेरी थांबवली आहे, मर्यादा वाढवून पाहा. मायएसक्यूएलची ठरलेली मर्यादा १००० फेऱ्यांची असते. पोराने एररचा सल्ला शिरोधार्य मानून मर्यादा एक लाख केली. क्वेरी आता एक लाख एकाव्या फेरीला थांबली, एवढाच फरक. अकरा पिढ्यांच्या झाडाला हजार फेऱ्या लागतात तेव्हा मर्यादा वाढवायची नसते. पण तो सल्ला खुद्द डेटाबेस देतो, पोराला काय बोल लावणार.

मी पंधरा पिढ्यांवर अडवून छापील वंशावळ काढली. आबांच्या पणजोबांपासून वर नावं अशी होती: राम, विठू, राम, विठू, राम, विठू.

कारकून म्हणाला, “बरोबरच आहे की. आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात.”

आणि खरंच, कागद पाहून कोणालाही शंका आली नसती. आबांनी मात्र बोटं मोजली. “एवढे राम आमच्यात नाहीत. दोनच.” मग मी नावांशेजारी क्रमांक छापले. १०४०, ११८७, १०४०, ११८७. समजावून सांगितल्यावर आबा जे म्हणाले ते त्यांच्याच कोकणीत देतो: “म्हळ्यार तो आपलोच आजो?”

होय. राम स्वतःचाच आजोबा झाला होता. बॅकअपमध्ये मूळ ओळी सापडल्या:

१०४० – राम विठू – वडील ९०३
११८७ – विठू राम – वडील १०४०
१३२२ – राम विठू – वडील ११८७

पहिला राम आजोबा, शेवटचा राम नातू. आजोबांचं नाव नातवाला दिलं की दोघांचं नाव एक, आणि दोघांच्या वडिलांचं नावही एकच. माझ्या स्क्रिप्टने त्यांना दुहेरी नोंद ठरवलं. लहान क्रमांक १०४० राहिला, पण १३२२ ची नोंद अलीकडे हाताळलेली, म्हणून ‘वडील’ तिच्यातला उचलला. उरलं ते असं:

१०४० – राम विठू – वडील ११८७
११८७ – विठू राम – वडील १०४०

९०३ शी असलेला धागा तुटला आणि दोघं एकमेकांचे बाप होऊन बसले. ज्या समाजात नातवाला आजोबांचं नाव देण्याची रीत आहे, तिथे ‘नाव आणि वडिलांचं नाव’ ही ओळख पटवण्याची सर्वांत वाईट खूण. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं स्वतःचं नाव आजोबांचंच आहे.

वर जाताना ओरडते, खाली येताना गप्प

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. मला छळत होतं ते वेगळंच: यादी काढताना एरर का आली नाही?

कागदावर झाड काढलं तेव्हा उलगडलं. प्रत्येकाला वडील एकच. चक्रात सापडलेल्या माणसाचे ते एकमेव वडीलही चक्रातलेच. म्हणजे चक्राबाहेरून, मूळपुरुषाकडून, आत यायला वाटच नाही. वरून खाली उतरणारी क्वेरी चक्राला कधी भेटतच नाही. चक्र आणि त्याखालचा सगळा वंश तिच्या लेखी नसतोच. ती वेळेत, नीट, विनातक्रार संपते आणि अपुरी यादी हातात ठेवते. खालून वर चढणारी क्वेरी मात्र चक्रात अडकून गरगरते. आम्ही यादी वरून काढत होतो आणि एरर खाली दडली होती.

आधी वाटलं, दर फेरीच्या ओळी जोडताना सगळ्या ठेवणाऱ्या ‘युनियन ऑल’ऐवजी नुसतं ‘युनियन’ केलं की झालं. आधी आलेली ओळ पुन्हा आली तर ती टाकून दिली जाते आणि फेरा आपोआप थांबतो. पुस्तकी उदाहरणात थांबतोही. पण आमच्या ओळीत ‘पिढी’ हा कॉलम होता, दर फेरीला एकाने वाढणारा. १०४० पिढी चार आणि १०४० पिढी सहा या डेटाबेसच्या दृष्टीने वेगळ्या ओळी. काही टाकलं जात नाही, फेरा चालूच राहतो.

शेवटी चाललेल्या वाटेचे क्रमांक स्वल्पविरामाने जोडून सोबत नेले आणि पुढचा क्रमांक वाटेत आधीच आहे का हे दर पायरीला पाहिलं. त्यातही एक खाच निघाली. मायएसक्यूएल रिकर्सिव्ह क्वेरीतल्या कॉलमची रुंदी बीजाच्या ओळीवरून ठरवतं. बीजात चार अंकी एकच क्रमांक असेल तर दुसऱ्या पिढीलाच जागा संपते. म्हणून बीजातच कास्ट करून, म्हणजे कॉलमची रुंदी आधीच सांगून, वाट ऐसपैस ठेवावी लागते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या १४ व्या आवृत्तीपासून चक्र ओळखण्याचं कलम भाषेतच आहे. ते पाहून थोडा मत्सर वाटला.

नोंद जतन करतानाही आता तपास होतो: नव्या वडिलांपासून वर चढत जायचं, वाटेत मुलाचाच क्रमांक भेटला तर नोंद नाकारायची. दोन खिडक्यांवरचे दोन बदल वेगवेगळे निर्दोष असून मिळून चक्र करू शकतात, म्हणून तपासाआधी त्या वांगडाच्या ओळीला कुलूप लागतं. चवथीचा धडा एकदाच पुरला.

याहून देखणा उपाय एक होता. पिढीचा क्रमांक ओळीतच ठेवायचा, वडिलांचा क्रमांक आणि वडिलांची पिढी मिळून परकीय किल्ली, म्हणजे वडिलांच्या ओळीकडे बोट दाखवणारी जोडी, करायची आणि ‘वडिलांची पिढी एकाने कमी’ ही अट चेकमध्ये, म्हणजे प्रत्येक ओळ जतन होताना तपासल्या जाणाऱ्या नियमात, घालायची. ८.०.१६ पासून मायएसक्यूएल चेक खरोखर पाळतं. मग चक्र अशक्यच. मोह झाला, पण सोडला. आमच्याकडे दर काही महिन्यांनी कोणाच्या तरी माळ्यावर जुना कागद सापडतो आणि मध्ये हरवलेली एक पिढी उगवते. तेव्हा खालच्या सगळ्यांची पिढी एकाने सरकवावी लागेल, आणि त्याच टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या किल्लीवर बदल आपोआप खाली झिरपवणं मायएसक्यूएलचा साठवणीचा भाग असलेल्या इनोडीबीला जमत नाही.

पत्त्यांचं झाड

त्याच डेटाबेसमध्ये दुसरं एक झाड आहे, पत्त्यांचं: जिल्हा, तालुका, गाव, वाडा. तिथे मी सुरुवातीला प्रत्येक ओळीत पूर्ण वाटच लिहून ठेवली होती, ‘उत्तर गोवा/फोंडा/बांदोडा’ अशी. शोधायला सोपी, सुरुवात जुळली की सगळी गावं हाती. पण फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. जुन्या याद्या आणल्या त्या बदलाआधीच्या, म्हणजे फोंड्याखालच्या प्रत्येक गावाची आणि वाड्याची वाट नव्याने लिहावी लागली. पालकाचा क्रमांक ठेवला असता तर एका ओळीतला एक आकडा बदलून भागलं असतं. अख्खा तालुका एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ शकतो, हे गोव्यात राहून मला सुचायला हवं होतं.

सुतक

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न मतदारयादीचा नाही, सुतकाचा. कोणी वारलं की पूजेची पाळी असलेल्याला सुतक आहे का, हे त्याच दिवशी ठरवावं लागतं. पुरोहितांनी नियम सांगितला: समाईक पूर्वजापासून दोघंही सात पिढ्यांच्या आत, मोजताना पूर्वजही धरायचा. म्हणजे दोघांपासून त्या पूर्वजापर्यंत सहा पायऱ्या, जास्त नाहीत.

मी शॉर्टकट काढला. मृताच्या सहा पायऱ्या वरच्या पूर्वजाकडे जायचं आणि तिथून सहा पायऱ्या खाली यायचं. जवळचे सगळे त्यातच येणार. बहुतेक घरांत उत्तर बरोबरही येत होतं. चुकलं ते एका वांगडात, जिथे थोरल्या फांदीत अकरा पिढ्या झाल्यात आणि धाकटीत आठच. तिथे वारलेल्या माणसाच्या खापरपणज्याच्या पातळीवरचा समाईक पूर्वज दोघांना सहा पायऱ्यांच्या आत होता, पण सर्वांत वरच्या पूर्वजापासून मोजलं की थोरल्या फांदीतला माणूस बाहेर पडत होता. अंतर सर्वांत जवळच्या समाईक पूर्वजापासून मोजायचं असतं. शॉर्टकट रद्द.

तेव्हा मी क्लोजर टेबल बनवलं. तीन कॉलम: पूर्वज, वंशज, अंतर. प्रत्येक माणसाची त्याच्या प्रत्येक पूर्वजाशी एक ओळ, शिवाय स्वतःशी शून्य अंतराची एक. चार हजार माणसं आणि सरासरी आठ ओळी धरल्या तर बत्तीस हजारांच्या आसपास. सुतकाची क्वेरी मग एका जोडणीची: दोघांचा पूर्वज एकच, दोन्ही अंतरं सहा किंवा कमी. रिकर्शनची गरजच नाही.

या टेबलात कोणी हाताने काही लिहीत नाही. खरं ते ‘वडील क्रमांक’. क्लोजर टेबल रोज रात्री त्यावरून पुसून नव्याने बनतं, काही सेकंदांत. एवढ्याशा झाडासाठी बदल होईल तेवढ्याच फांद्या दुरुस्त करण्याची हुशारी मी मुद्दाम केली नाही.

दत्तकाने थोडं अडवलं. दत्तक गेलेल्याला बाप दोन, आणि दोन बाप असले की झाड झाड राहत नाही. महाजनकी दत्तक घराची, म्हणून ‘वडील’ म्हणजे दत्तक पिता. जन्मदात्यासाठी ‘जनक’ हा वेगळा कॉलम, ज्यावरून कुठलीही क्वेरी चढत नाही. तो फक्त छापतो.

रात्री टेबल बनून झालं की एक तपासणी चालते: असा कोण आहे ज्याच्या पूर्वजांत पाचांपैकी एकही मूळपुरुष नाही? अशा नोंदी सकाळी कारकुनाच्या पडद्यावर लाल दिसतात. ती राम-विठूच्या दिवशी असती तर तेवीसही माणसं नोटिसा निघायच्या आधीच लाल झाली असती. यासाठी मूळपुरुषांवर वेगळी खूण करावी लागली. आधी ‘वडील रिकामे म्हणजे मूळपुरुष’ असं मी धरलं होतं, आणि रिकाम्या जागेचा अर्थ ‘वडील माहीत नाहीत’ असाही होतो.

गेल्या चवथीला एक कुटुंब मोडीतलं एक पान घेऊन आलं. त्यावर दोन पिढ्या वाचता येतात, तिसरं नाव कसरीने खाल्लंय. कारकुनाने विचारलं, रोज लाल दिसतंय, एखादा संभाव्य बाप लावून टाकू का? आबा शेजारीच बसले होते. त्यांनी पान उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं, आणि परत घडी करून दिलं. ती नोंद अजून लाल आहे.